डक्टकडची खिडकी

कुलूप काढून मी दार ढकललं आणि चप्पल काढता काढताच म्हणाले, "प्रणाली, निळा फ्रॉक घाल. दोनच्या आत केसपेपर काढायचाय."

उत्तर आलं नाही. त्यात नवीन काही नव्हतं. माझ्या मुलीने तीन महिन्यांत माझ्याशी एक शब्द बोललेला नव्हता. महापालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिचे कान पाहिले, घसा पाहिला, जीभ बाहेर काढायला लावली. सगळं ठीक होतं. मग त्यांनी मला विचारलं, "दिवसभर कुठे असते?"

"घरीच असते," मी म्हणाले. "बाहेरून कुलूप लावून जाते मी. काही काळजी नाही."

त्यांनी मान खाली घालून मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहून दिली. लहान मुलांच्या मनाचे डॉक्टर तिथे गुरुवारी दुपारी बसायचे. तो गुरुवार होता. मी कामावरून अर्धी रजा टाकून आले होते.

फ्रॉक दोरीवर तसाच होता. पलंगावर चादर चुरगळलेली. टीव्ही चालू, आवाज बंद. मी बाथरूमचं दार उघडलं. पलंगाखाली वाकून पाहिलं. कपाटामागे पाहिलं, जिथे मांजरसुद्धा मावलं नसतं. आमची एकच खोली, शिवाय स्वयंपाकाचा ओटा आणि न्हाणी. शोधायला किती वेळ लागणार? दोन मिनिटांत माझ्या लक्षात आलं की मुलगी घरात नाही.

कुलूप मी स्वतः काढलं होतं. किल्ली एकच होती, आणि ती माझ्या कमरेला होती. पुढच्या खिडकीला जाळी होती. मी जाळीचा एकेक गज हलवून पाहिला. मजबूत होता.

तेवढ्यात मला हसणं ऐकू आलं.

ते माझ्या मुलीचं हसणं आहे हे ओळखायला मला वेळ लागला, इतके दिवस ते मी ऐकलं नव्हतं. आणि ते येत होतं भलतीकडून, ओट्याच्या वरून.

आमच्या इमारतीचे दोन विंग पाठीला पाठ लावून उभे होते. मधे डक्ट. पाण्याचे, सांडपाण्याचे पाइप त्यातून खाली जायचे. वर आभाळाचा एक चौकोन दिसायचा, तळाशी कचरा, फुटकी टाकी आणि कबुतरांची घाण. प्रत्येक घराच्या ओट्यावरची खिडकी त्या डक्टमध्ये उघडायची. वास इतका यायचा की आल्या आल्या दुसऱ्याच आठवड्यात मी त्या खिडकीला आतून पुठ्ठा लावून चिकटपट्टी मारून टाकली होती. तिला जाळी बसवायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तिथून कोण येणार?

पुठ्ठा काढून ओट्यावर नीट उभा ठेवलेला होता. काच सरकवलेली होती.

मी ओट्याला पोट टेकून बाहेर पाहिलं. आमच्या खिडकीच्या चौकटीवरून समोरच्या विंगमधल्या खिडकीपर्यंत एक लाकडी फळी टाकलेली होती. वीतभर रुंद. पलंगाला खाली आडव्या असतात तशी. मधलं अंतर माझ्या पसरलेल्या दोन हातांएवढं असेल, थोडं कमीच. सहावा मजला.

समोरच्या घरातल्या ओट्यावर प्रणाली पाठमोरी बसली होती. तिच्यापुढे एक मुलगी होती, आठेक वर्षांची, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. तिने मला आधी पाहिलं. तिचं हसू थांबलं. मग प्रणालीने मागे वळून पाहिलं.

"थांब," मी म्हणाले. "तिथेच थांब."

मला हळू म्हणायचं होतं, पण आवाज कामावरून थकून आल्यावर निघायचा तसाच निघाला. तो आवाज तिला ओळखीचा होता. पकडलं गेलेलं मूल जे करतं तेच तिने केलं. लवकर जागेवर परत जायला निघाली. मी पुढचं काही म्हणायच्या आत तिने एक गुडघा फळीवर ठेवला होता, मग दुसरा, आणि दोन्ही तळहात पुढे टेकून ती खिडकीच्या बाहेर आली.

फळीचं माझ्याकडचं टोक कडकन वाजलं आणि बोटभर सरकलं. चौकटीवर ते जेमतेम चार बोटं टेकलेलं होतं. मी दोन्ही हातांनी ते दाबून धरलं.

"मागे जा," मी म्हणाले. "हळूच मागे जा."

मागे जायचं तर मागे बघावं लागतं. तिने मान वळवली, आणि वळवताना तिची नजर खाली गेली. मग ती हललीच नाही. तिच्या हातांची बोटं फळीच्या कडांवर पांढरी पडलेली मला दिसत होती.

"आँटी, मी इकडून पकडलंय," समोरची मुलगी म्हणाली. ती खरोखरच फळीच्या त्या टोकावर आडवी पडून, सगळं अंग टाकून होती.

मला ओरडावंसं वाटत होतं. माझ्यामागे घराचं दार उघडं होतं, बाहेर कॉरिडॉर होता, मजल्यावर बारा खोल्या होत्या. पण त्या वेळेला निम्म्या घरांना आमच्यासारखीच कुलपं असायची, आणि उरलेल्या घरांत कोणी ऐकलं असतं तरी धावत येईपर्यंत काय झालं असतं? ओरडले तर ती दचकणार. फळी सोडून वळले तर फळी सरकणार. मी तशीच उभी राहिले.

"मी रागावले नाही," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत होती. डोळ्यांची उघडझाप नाही.

"मारणार नाही मी तुला. ये."

तिचे ओठ हलले. आवाज इतका बारीक होता की मला वाटलं भास झाला.

"खोटं," ती म्हणाली.

तीन महिन्यांनी माझ्या मुलीने माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द.

मागच्याच सोमवारी तिने अंथरूण ओलं केलं म्हणून मी तिला उलथन्याने मारलं होतं. सात वर्षांची मुलगी अंथरूण ओलं करते, स्वतःच्या दंडाला चावून व्रण पाडते, विचारलं तर भिंतीकडे बघते. मी थकलेली असायचे. मारल्यावर रडायची तरी, म्हणजे निदान काहीतरी आवाज यायचा.

खरं तर मारकुटी बाई नव्हते मी. आधी आम्ही पाइपलाइनच्या कडेच्या वस्तीत राहायचो. शहराला पाणी नेणारा जाडजूड पाइप, त्यावरून मुलं चालायची, आणि त्याला लागून आमची घरं. पत्र्याचं घर, पावसाळ्यात गुडघाभर पाणी, संडासाला रांग. तिथे प्रणाली सकाळी बाहेर पडायची ती भूक लागली की घरी यायची. कुणाच्या दारात आहे हे मला आवाजावरून कळायचं. मग रस्ता रुंद करायचा म्हणून वस्ती उठवली आणि आम्हाला इथे पक्कं घर मिळालं. मी देवापुढे नारळ फोडला होता. नळ घरात, संडास घरात. पण शाळा तिकडेच राहिली. वर्षाच्या मधे नाव घालून घेणार नाही असं इकडच्या शाळेने सांगितलं. जिन्यात जुगार चालायचा, कॉरिडॉरमधले दिवे कोणीतरी काढून नेले होते, आणि दोन इमारती सोडून एका मुलीबरोबर वाईट झालं होतं. प्रणालीचे बाबा टेम्पो चालवायचे, पहाटे जायचे. मी एका इंग्रजी शाळेच्या शिशुवर्गात मावशी होते. तिथे वाळूचा हौद होता, घसरगुंडी होती, भिंतींवर हत्ती आणि जिराफ काढलेले होते. तिथल्या मुलांचे हात धुवून पुसून मी त्यांना वाळूत सोडायचे, आणि घरी माझी मुलगी कुलपात होती. मला ते चूक वाटत नव्हतं. ती सुरक्षित आहे असंच वाटायचं.

"आँटी, तिला काही बोलू नका," समोरची मुलगी म्हणाली. "मी बोलते."

मी फळी आणखी घट्ट दाबून धरली.

"पन्नू," ती म्हणाली. आम्ही कोणी तिला पन्नू म्हणत नव्हतो. "पन्नू, तू पाइपवर आहेस. खाली बघायचं नाही, पुढचं घर बघायचं. तूच सांगितलंयस ना मला? पहिलं घर कुणाचं?"

प्रणालीची बोटं फळीच्या कडांवर तशीच होती.

"नळाच्या शेजारचं. मी विसरले. सांग."

"सुमनमावशीचं," प्रणाली म्हणाली.

"मग ये तिथपर्यंत."

एक गुडघा पुढे सरकला. फळी वाकली आणि माझ्या हाताखाली थरथरली.

"सुमनमावशीच्या दारात काय आहे?"

"बकरी."

"तिचं नाव?"

"नाव नाही. नुसती बकरी."

"पुढे कोण?"

"तानाजीकाका. बँडवाले." दुसरा गुडघा. "त्यांचा भोंगा वाळत घातलाय."

"भोंगा कुठे वाळत घालतात?"

"त्यांच्या घरात पाणी आलं होतं ना."

ती माझ्या मुलीशी गप्पा मारत होती. सहाव्या मजल्यावर, एका फळीच्या टोकावर पोटावर पडून, चेहरा घामाने भिजलेला, पण आवाज अगदी रोजच्यासारखा. आणि माझी मुलगी बोलत होती. एकेक घर, एकेक दार. तुळसाबाईचं घर, जिच्याकडे गोळ्या मिळायच्या. मग मोडकं घर, जिथे कोणी राहत नव्हतं आणि मुलं दुपारी शिरायची. मी स्वतः त्यातली निम्मी घरं विसरले होते.

ती आता मधे होती. फळी तिथे सगळ्यांत जास्त वाकत होती. डक्टमधून एक कबुतर फडफडत वर गेलं. प्रणाली पुन्हा थांबली.

"उडालं ते," मुलगी म्हणाली. "त्याचं जाऊ दे. मोडक्या घराच्या पुढे?"

प्रणालीने माझ्याकडे पाहिलं. आता तिचा चेहरा माझ्यापासून एका हातावर होता. वरच्या ओठावर घामाचे थेंब होते.

"मोडक्या घराच्या पुढे कोण राहतं, पन्नू?"

"आम्ही," ती म्हणाली.

मी फळीवरचा एक हात सोडला, तिचा दंड पकडला, मग दुसरा हात तिच्या काखेत घातला आणि तिला आत ओढून घेतलं. आम्ही दोघी ओट्यावरून खाली फरशीवर पडलो. पातेलं पडलं, पुठ्ठा पडला. मी तिला छातीशी इतकं आवळलं की तिची हाडं मला लागली.

आणि मग मी तिच्या थोबाडीत मारली.

हे मी आजवर फार लोकांना सांगितलेलं नाही. सांगताना मी तिला जवळ घेतलं इथपर्यंतच सांगते. पण मी मारलं. हात आपोआप गेला. ती रडली नाही. तिने गालाला हातही लावला नाही. फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात आश्चर्य अजिबात नव्हतं.

"आँटी," पलीकडून आवाज आला. "तिला मारू नका. मीच बोलावलं होतं तिला. आज तर चौथ्यांदा आली."

चौथ्यांदा.

मी उठून पाहिलं. त्या मुलीने फळी आपल्याकडे ओढून घेतली होती आणि ती खिडकीत उभी होती. मी विचारलं, "तुझं नाव काय?"

"रुबिना."

"घरी कोण आहे तुझ्या?"

"कोणी नाही. अम्मी पाच वाजता येते. बाहेरून कुलूप आहे."

मी तिला म्हणाले, काच लावून घे, ओट्यावरून उतर आणि दाराजवळ येऊन बस, मी येते. प्रणालीचा हात धरला आणि निघाले. लिफ्ट बंद होती, ती कधीच चालू नसायची. सहा मजले खाली, मोटरसायकलींच्या गर्दीतून दुसऱ्या विंगमध्ये, सहा मजले वर. त्यांच्या मजल्यावरही अंधार होता. हाताने चाचपत दारांचे नंबर पाहिले. ज्या दाराला पितळी कुलूप होतं त्याच्याबाहेर मी बसले.

"रुबिना?"

"आहे, आँटी." आवाज दाराच्या अगदी पलीकडून आला. तीही बसली असावी.

हॉस्पिटलची वेळ निघून गेली. आम्ही तिघी तशाच बसून राहिलो, दोघी बाहेर आणि एक आत. थोड्या वेळाने प्रणालीने दाराच्या फटीतून बोटं आत घातली. पलीकडून रुबिनाने ती धरली असावीत, कारण बोटं तशीच ठेवून प्रणाली झोपी गेली. मी जागीच होते.

पाचच्या सुमारास एक बाई जिना चढून आली, हातात डबा, पायांत सूज. अंधारात तिच्या दारात कोणी बसलंय हे पाहून ती मागे सरकली. "कोण हाय?" तिने विचारलं.

मी उभी राहिले. "मी रंजना. समोरच्या विंगमधली. तुमची मुलगी बरी आहे."

बरी आहे म्हटल्यावर बाईच्या हातातला डबाच पडला. तिचं नाव तस्लीम. लातूरकडची, एका कारखान्यात औषधांच्या बाटल्यांना लेबलं चिकटवायची. दार उघडून आम्ही आत गेलो. मी जे घडलं ते सांगितलं. ती पलंगाच्या कडेला बसून ऐकत होती. सांगून झाल्यावर तिने गादी उचलून खाली पाहिलं. एक फळी जागेवर नव्हती. ती ओट्याला टेकून उभी होती. तस्लीम उठली, ती फळी हातात घेऊन तिने तिचं वजन पाहिलं, आणि मग ती खाली बसून रडायला लागली. आवाज न करता.

"हिने एकटीने कशी टाकली ही?" मी विचारलं.

रुबिना म्हणाली, "ओढणी बांधली. पन्नूने तिकडून ओढली."

"तुझी मुलगी किती बोलती गं," तस्लीम डोळे पुसत मला म्हणाली. "माझी रोज रात्री मला तिच्या गोष्टी सांगती. बँडवाला सांगती, बकरी सांगती. मला वाटायचं शेजारच्या कॉरिडॉरमधली कुठली मैत्रीण आसंल. ही आत कोंडलेली, हिला मैत्रीण कुठून मिळणार, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

मी म्हणाले, "माझ्याशी ती बोलत नाही. आज दवाखान्यात न्यायची होती मुकी झाली म्हणून."

तस्लीमने माझ्याकडे पाहिलं, प्रणालीकडे पाहिलं. उठून चहा ठेवला.

चहा पिताना ती म्हणाली, "उद्या काय करायचं?"

दोघींनाही तेच विचारायचं होतं. आज संपला होता. उद्या सकाळी सात वाजता आम्हाला कुलूप लावून निघायचं होतं.

"खिडकीला जाळी बसवू," मी म्हणाले. "मग कुलूप लावलं तरी..."

पोरी दोघी ओट्याखाली बसून ऐकत होत्या. प्रणालीने दंड तोंडाकडे नेला होता. चावण्यासाठी.

"जाळी बसवू," तस्लीम म्हणाली. "पण कुलूप नाही लावायचं."

"आणि मग त्यांना सांभाळणार कोण? खाली माणसं कशी बसलेली असतात पाहिलीयेस ना?"

"पाहिलंय. म्हणूनच लावत होते." तिने कप खाली ठेवला. "तू एक दिवस घरी राहा, मी एक दिवस राहते. जमेल तोवर."

जमलं सहा दिवस. सातव्या दिवशी शाळेने मला कामावरून काढलं, कारण महिन्यात चार खाडे झाले होते. नवऱ्याने डोक्याला हात लावला. मी मात्र त्या दिवशी आमच्या घराचं दार उघडून पाटावर बसले आणि कॉरिडॉरकडे बघत राहिले. अंधार होता. मी घरातून वायर ओढून बाहेर एक बल्ब लावला. लादीवर पाणी ओतून खराटा मारला. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या आजींनी दार किलकिलं करून विचारलं, काय चाललंय. मी म्हणाले, "पोरी खेळणार आहेत, दार उघडं ठेवा तुमचं." त्यांनी ठेवलं. महिनाभरात त्या मजल्यावरची पाच मुलं माझ्याकडे होती, कुलपातून निघालेली. त्यांच्या आया मला जमेल ते द्यायच्या.

त्यावरून भांडणं झाली. सोसायटीच्या सेक्रेटरीने बल्ब दोनदा काढून नेला. जिन्यात बसणाऱ्यांपैकी एकाने मला जिन्यातच अडवून धमकी दिली. तेव्हा तस्लीम आणि खालच्या मजल्यावरच्या नऊ बायका येऊन जिन्यात बसल्या, संध्याकाळी, भाजी निवडत, आणि आठवडाभर रोज येऊन बसल्या. जुगार दुसऱ्या इमारतीत गेला. आम्हाला त्याचं वाईटही वाटलं, कारण त्या इमारतीतही मुलं होती.

मोठ्या हॉस्पिटलात मी त्या दिवसानंतरच्या पहिल्याच गुरुवारी गेले होते. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांना मी फळीचं सांगितलं, थोबाडीत मारलेलंही सांगितलं. त्यांनी गोळी लिहून दिली नाही. प्रणालीला कागद आणि पेन्सिल देऊन म्हणाल्या, तुझं घर काढ. तिने पाइप काढला, लांबच लांब, कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सहाव्या मजल्यावरची खोली तिने काढलीच नाही. डॉक्टरीणबाईंनी तो कागद पाहिला. मग मला म्हणाल्या, "रोज हिला उजेडात, इतर मुलांत सोडायचं. आणि हिला बोलायला लावू नका."

मी बोलायला लावलं नाही. अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी कॉरिडॉरमध्ये मुलांचं लंगडीचं रिंगण आखलेलं होतं आणि मी नेमकी त्याच्या रेघेवर तांदूळ निवडत बसले होते. प्रणाली एका पायावर उड्या मारत आली आणि माझ्यापुढे थांबली.

"आई, सरक ना," ती म्हणाली.

मी सरकले. तांदळाचं सूप घेऊन घरात गेले, दाराआड उभी राहिले, आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

त्याला आता सोळा वर्षं होऊन गेली. माझ्याकडे आता बावीस मुलं असतात, तळमजल्याच्या खोलीत. ती खोली मिळवायला आम्हाला चार वर्षं लागली. प्रणाली एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात फोनवर बोलायचं काम करते. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून येते आणि घरी आल्यावर त्या सगळ्या मला सांगते. माझ्या कानाला विश्रांती नसते.

गेल्या हिवाळ्यात रुबिनाचं लग्न झालं. लातूरला. आम्ही दोघी एसटीने गेलो. सोलापूर मागे पडल्यावर गाडी रिकामी झाली, मागच्या सीटवर आम्हीच होतो. इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी सरळ कधी बोललो नव्हतो. तिनेच विषय काढला.

"रुबिनाच्या नवऱ्याला ती फळीची गोष्ट माहीत आहे," ती म्हणाली. "त्याला खरी वाटत नाही."

"मलाही कधी कधी वाटत नाही," मी म्हणाले. मग धीर करून विचारलं, "प्रणाली, तुला बोलता येत होतं. तिच्याशी तू एवढं बोलायचीस. माझ्याशी का नाही बोललीस मग? तीन महिने?"

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. उसाच्या गाड्या जात होत्या.

"आधी नुसतं बोलावंसं वाटायचं नाही," ती म्हणाली. "मग एकदा पुठ्ठ्याच्या फटीतून रुबिना दिसली. ती काचेतून हात हलवायची. मग मी पुठ्ठा काढायला लागले, तू यायच्या आधी परत लावायला लागले. तू आलीस की विचारायचीस, आज काय केलंस. सांगायला माझ्याकडे तेवढंच होतं. बोलायला तोंड उघडलं असतं तर खिडकीचंच बोलून गेले असते."

"मग?"

"मग तू खिडकी खिळे ठोकून बंद केली असतीस."

गाडी एका थांब्यावर थांबली, कोणी चढलं नाही, पुन्हा निघाली. आपण काय बोलणार आहोत हे मला माहीत होतं, तरी ते तोंडातून निघायला वेळ लागला.

"केली असती," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं.